आखूड दस्त्याची बंदूक

डिचोली,
फाल्गुन शुद्ध पंचमी

प्रिय गौरवी,

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळे बरे आहेत. तुझ्या सासूचा गुडघा पूर्वी दुखायचा तेवढाच दुखतो आहे, आणि तू लाडावून ठेवलेलं मांजर माझ्या खुर्चीवरून अजून उठलेलं नाही. फोन करता आला असता, पण फोनवर मी कसा बोलतो ते तुला ठाऊक आहे. बरं आहे ना, बरं आहे, ठेवतो, एवढ्यात माझं आटपतं. या वेळी सांगायचं आहे ते लांबलचक आहे, त्याला कागदच लागेल. पत्र लिहायची सवय सुटून जमाना झाला, तेव्हा गाडी कुठे घसरली तर सांभाळून घे.

दसऱ्यानंतर तुझा भाऊ प्रवीण आमच्याकडे येऊन गेला. इब्रामपूरच्या एका शिक्षकाचं, रुद्रेशचं, तुझ्यासाठी मागणं आलं आहे, माणूस चांगला वाटतो, तुझीही ना नाही, पण डिचोलीच्या घराचा होकार आल्याशिवाय आपण पुढे शब्द टाकणार नाही असं तू सांगितलंस, हे सगळं त्याने चहा निवेपर्यंत सांगून टाकलं. मग मोबाइलवर फोटो दाखवला. तुझी सासू कप उचलायच्या निमित्ताने आत गेली ती बाहेर आली नाही. मी प्रवीणला म्हटलं, साईशच्या भिंतीवरच्या बंदुका ज्याच्या त्याला पोचल्या की उत्तर देतो. त्याला ते टोलवणं वाटलं असेल. तसं नव्हतं. मुलगा गेला, त्याचं काम अर्धवट लटकतं आहे, आणि त्याच्या बायकोचं बोलणं आपण दुसऱ्या घरी करायचं, याला माझी जीभ उचलेना, एवढंच. तू त्यावर एका अक्षराने बोलली नाहीस. मी मात्र त्या दिवसापासून जाणून होतो की बंदुकांबरोबर तुझं लग्नही मी त्या भिंतीवर टांगून ठेवलं आहे. मग उत्तराला इतका उशीर का लागला, हे तुला नीट कळायला हवं. म्हणून पहिल्यापासून लिहितो.

साईशच्या धंद्याला मी कधी धंदा म्हटलं नाही, हे तू ऐकलेलंच आहेस. खाणी बंद पडल्या, मालाचे ट्रक रस्त्याकडेला गंजत उभे राहिले, तेव्हा त्याच्या बरोबरीच्या पोरांनी कोणी टॅक्सी घेतली, कोणी हॉटेलात लागला. हा छर्‍याच्या जुन्या बंदुका दुरुस्त करायला बसला. मी जन्मभर खाणीच्या गॅरेजात डंपरचे गिअरबॉक्स उतरवलेला माणूस. माझ्या लेखी ते खेळणं होतं. पण पेडण्यापासून दोडामार्गापर्यंत लोक जुन्या चादरीत, गोणपाटात गुंडाळून बंदुका घेऊन यायचे. पोर्तुगिजांच्या वेळी आलेल्या जर्मन, इंग्रजी बंदुका, माळ्यावर पडून पडून काळ्या झालेल्या. तो नळी वाकवून बघायचा, नाकाजवळ न्यायचा, आणि ती कुठली, साधारण कधीची, ते सांगून मोकळा व्हायचा. चिठ्ठी नाही, नंबर नाही. कुठली बंदूक कोणाची, तिचं काय दुखतं, सगळं त्याच्या डोक्यात. मी एकदा म्हटलं होतं, निदान दोरा बांधून ठेव रे. तर म्हणाला, बाबा, माणसं ओळखायला आपण त्यांना दोरा बांधतो का? ताप डोक्यात गेला आणि तो चार दिवसांत उठून गेला, तेव्हा ते डोकंही त्याच्याबरोबर गेलं. बंदुका राहिल्या.

आपल्या भागातल्या माणसांची रीत तुला सांगायला नको. ज्या घरात माणूस गेला, त्या घरी दिलेली वस्तू वर्ष भरेपर्यंत कोणी मागायला येत नाही. शिंप्याकडचं कापड असो नाहीतर कोणाकडची शिडी. ते वर्ष तू आमच्याकडेच होतीस. रोज तू उजेडासाठी त्या खोलीचं जनेल उघडायचीस आणि तुझी सासू फडक्याने बंदुकांवरची धूळ पुसायची. दोघींपैकी एकीनेही कधी म्हटलं नाही की या कोणाच्या. वर्षश्राद्ध झालं, तू पेडण्याच्या औषधाच्या दुकानात नोकरी धरून कोरगावला माहेरी गेलीस, आणि पुढच्याच आठवड्यात पहिलं गिऱ्हाईक दारात उभं राहिलं. चप्पल काढून, हात जोडून, आवाज खाली ठेवून. त्याच्या बोलण्यातून मला एवढंच कळलं की बंदूक दुरुस्त झाली असेल तर हवी, आणि नसली तरी चालेल. मी म्हटलं, भिंतीवर बघा, तुमची कुठली? तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, ती बाईवाली.

आता बाईवाल्या भिंतीवर निम्म्या होत्या. जर्मन बंदुकांच्या नळकांड्यावर बाईचा शिक्का असतो, हात उंचावून उभी असलेली. तिची नक्कल आपल्याकडेही कोणी कोणी केलेली. साईश म्हणायचा की नकली बाई ओळखायची तर तिचा हात बघावा, ठसा मारणाऱ्याला बोटं कधी जमत नाहीत. ते मला आठवलं. भिंग काढलं, चष्म्यावर चष्मा चढवला आणि सकाळभर बायांचे हात बघत बसलो. तुझी सासू दारात येऊन म्हणाली, या वयात हेच बाकी होतं. पुढे हळूहळू समजत गेलं. मागल्या अंगाला कधी महिना-वर्षाचा बारीक ठसा सापडतो, गंज खरवडला की. इंग्रजी बंदुकीचा बांधा भारी, देशीचे स्क्रू वेगळे. स्प्रिंग काढताना मागची टोपी व्हाइसच्या पकडीत न धरता फिरवली तर स्प्रिंग छातीवर येते, हेही समजलं. निळा डाग आठवडाभर राहिला. तुझ्या सासूने हळद लावली आणि डंपर काही वाईट नव्हते एवढंच म्हणाली.

बहुतेक बंदुकांचं दुखणं एकच. खोबरेल. आपल्या लोकांना कुठलीही गोष्ट करकरली की खोबरेल घालायचं सुचतं, मग ते दार असो, सायकल असो की स्वतःचं डोकं. बंदुकीत ते घातलं की आतली हवा दाबली जाऊन तेल पेटतं, धूर येतो, नुसत्या हवेच्या बंदुकीचा बार खराखुरा वाजतो. मालक खूश. आजोबांची बंदूक अजून कशी वाजते! वाजता वाजता आतलं चामड्याचं वायसर जळून कोळसा होतं. खोलीत पहिला बार काढला तेव्हा भजी तळल्याचा वास आला आणि मांजर धावत आलं. मला त्या दिवशी हसू आलं, आणि हसताना लगेच आठवलं की हा वास साईशच्या शर्टाला यायचा. मग हसू थांबलं. पण काम थांबवलं नाही. चामडं कापायला शिकलो, स्प्रिंगा मागवल्या, एकेक बंदूक भिंतीवरून खाली येऊ लागली.

एक फजिती सांगतो. जत्रांतून फुगे फोडायचा स्टॉल लावणारा सगुण तुला आठवत असेल, पान खाऊन आपल्याच अंगणात थुंकणारा. त्याच्या सगळ्या बंदुका साईशकडे होत्या. पेडण्याच्या पुनवेच्या जत्रेआधी तो न्यायला आला. मी बघतो तर प्रत्येकीचा नेम धरायचा पुढचा काटा थोडा डावीकडे झुकलेला. मी गॅरेजातला माणूस, वाकडं दिसलं की हात शिवशिवतात. सगळे काटे सरळ केले, एकेक बंदूक अंगणात फणसाला डबा टांगून तपासली, आणि छाती फुगवून त्याच्या हवाली केली. पुनवेनंतर सगुण आला तो रडकुंडीला आलेला. पोरासोरांनी त्याचे सगळे फुगे फोडून बक्षिसं नेली होती. तो वाकडेपणाच तर त्याचं पोट होतं! साईशला ते माहीत होतं. तो आतलं काम करून द्यायचा आणि काट्याला हात लावायचा नाही. मी म्हटलं, सगुणा, वाकडं तूच कर, मला ते जमायचं नाही. तेव्हापासून तो मला मास्तर म्हणतो, आणि ते आदराने नाही.

असं करत करत पौषात भिंतीवर एकच बंदूक उरली. जुनी जर्मन. बाईचा हात पाचही बोटांनिशी शाबूत. महिना-वर्षाचा ठसा काही गंजातून निघाला नाही, पण बांध्यावरून महायुद्धाच्या आधीची असावी असा माझा अंदाज. साईशने ती उघडून ठेवलेली होती. स्प्रिंग नवी घातलेली, नळी साफ केलेली, फक्त वायसर नव्हतं. ते मला बाकाखालच्या बिस्किटाच्या डब्यात सापडलं. त्याने कापून, काठ वळवून, तेलात भिजत ठेवलं होतं. दीड वर्ष ते तेलात होतं. त्याच्या हातचं ते शेवटचं काम. मी ते बाहेर काढून फडक्यावर ठेवलं आणि तुझ्या सासूला हाक मारली. ती आली, बघितलं, तिने बोटाने दाबून पाहिलं, आणि खुर्चीवर बसून खूप रडली. साईश गेल्यापासून ती अशी रडली नव्हती. मी काय करणार, बाजूला उभा राहिलो. मग मी वायसर बसवलं. कानस लावावी लागली नाही. अंगणात डबा टांगून छर्रा मारला, डबा वाजला.

बंदूक तयार, पण मालक नाही. पौष गेला, माघ आला, कोणी फिरकेना. इकडे प्रवीणने दोनदा फोन केला. दोन्ही वेळा मी म्हटलं, एक राहिली आहे. तिसऱ्यांदा त्याने फोन केला नाही, आणि ते मला जास्त लागलं. तुझ्या सासूने विचारलं की मालक मेलाच असला तर काय करणार? गौरवीला म्हातारी होईपर्यंत बसवून ठेवणार? शब्द दिला होता तो मीच, आणि दुसऱ्या कोणी तो मागितला नव्हता. पण जाऊ दे म्हणून ती एक बंदूक तशीच टांगून उत्तर द्यावं, हेही मनाला पटेना. बाकी सगळ्यांची कामं पुरी केली आणि साईशने शेवटचा हात जिला लावला तीच बेवारशी ठेवायची?

मग मी मालक शोधायला बसलो. बंदुकीचा दस्ता विचित्र होता. एक म्हणजे मागून चांगला दोन बोटं करवतीने कापलेला. खांद्याला लावली तर माझं नाक अंगठ्यावर आपटायचं. दुसरं म्हणजे लाकूड काळंकुट्ट, डांबर फासल्यासारखं. वाटलं, खाली मालकाचं नाव कोरलेलं असेल. पॉलिशपेपर घेतला आणि दुपारभर घासलं. नाव नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या बोटांवर आणि उजव्या गालावर पाण्याने भरलेले फोड. डॉक्टरकडे निघालो तर तुझ्या सासूने दारात अडवलं, हात उजेडात धरला आणि म्हणाली,

"हें काजीच्या तेलान भाजलां. आमच्या कुळारा अशेच फोड येताले."

तिचं माहेर काजूवाल्यांचं, तिला फसवणार कोण. वाळवी लागू नये म्हणून काजूच्या टरफलाचं तेल वाशांना फासतात, होडीला फासतात. पण गाल टेकवायच्या बंदुकीला फासणारा माणूस बागायतदारच हवा, आणि त्यातही हट्टी. म्हणजे बंदूक काजूच्या मुलखातली. पण पेडणे तालुक्यात काजू नाही असं घर कुठलं, मी कुठे शोधू? त्याच आठवड्यात सगुण माघातल्या जत्रांसाठी आपल्या बंदुका दाखवायला आला. गालावरची पट्टी बघून हसला, मग घासून उजळलेला तो आखूड दस्ता बघितला आणि हसायचा थांबला. म्हणाला, हा तर इब्रामपूरचा बुटका म्हातारा. दर पुनवेला स्वतःची बंदूक घेऊन यायचा, ही आखूड करून घेतलेली, आणि वाकड्या काट्याला न फसता फुग्यांची रांग झोपवायचा. सगुणचा बाप त्याला लांबून बघितलं की स्टॉलवर कापड ओढायचा. म्हातारा कधीचा वारला, बंदूक घरच्यांकडे असेल. घराचं नाव मात्र सगुणला आठवेना.

इब्रामपूर ऐकल्यावर मी आणि तुझ्या सासूने एकमेकांकडे बघितलं. गावात काय एकच घर आहे का, असं मी मनाशी म्हटलं. सकाळी मी बंदूक चादरीत गुंडाळली तर तुझी सासू नेसून तयार. गुडघा दुखत नाही का विचारलं तर म्हणाली, आज नाही. मी स्कूटर काढली, ती मागे बसली, बंदूक आडवी मांडीवर. साळच्या चढावर दोन पोलीस उभे होते. त्यांनी तिच्या मांडीवरच्या वस्तूकडे बघितलं, मग तिच्या तोंडाकडे बघितलं, आणि जाऊ दिलं. काजूला मोहोर आलेला, रस्ताभर त्याचा वास. इब्रामपूरला देवळाजवळच्या दुकानात विचारलं, फुगे फोडणारा बुटका म्हातारा कुठल्या घरचा? दुकानदाराने हात दाखवला. मास्तराच्या घरचा, म्हणाला.

दार उघडलं ते प्रवीणच्या मोबाइलमधल्या माणसाने. हातात लाल पेन, मागे मेजावर पेपरांचा गठ्ठा. त्याने आम्हाला ओळखलं नाही. चादरीतून दस्ता बाहेर आला, तेव्हा बंदूक ओळखली, आणि मग आम्हाला. चेहरा उतरला त्याचा. आईला हाक मारली, खुर्च्या पुढे केल्या, पाणी आणलं, आणि स्वतः उभाच राहिला. त्याने सांगितलं की आजोबांची बंदूक तोच साईशकडे देऊन आला होता, साईश आजारी पडायच्या थोडे दिवस आधी. मी म्हटलं, मास्तर, वर्ष भरून इतके महिने झाले, न्यायला का नाही आलात? तो जमिनीकडे बघत म्हणाला,

"काका, तुमच्या घराकडे म्हजें एक मागणें आदींच आसा. ताचेर आनी बंदूक कशी मागू?"

गौरवी, मी त्या खुर्चीवर बसून कपाळ बडवून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. तो आमच्या उत्तरासाठी बंदूक मागत नव्हता आणि मी त्या बंदुकीसाठी उत्तर देत नव्हतो. दोघेही आपापल्या जागी मोठे रीतभात पाळणारे! आणि आमच्या रीतींच्या मध्ये तू कोरगावात बसून होतीस, एका शब्दाने कोणाला दोष न देता. प्रवीणने त्याला बंदुकांचं सांगितलं नव्हतं, सासरच्यांची थोडी कामं आवरायची आहेत एवढंच म्हणाला होता. आणि त्याने प्रवीणला बंदुकीचं सांगितलं नव्हतं, कारण ते सांगणं म्हणजे मागणंच झालं असतं.

एक वाईट विचारही त्या वेळी माझ्या मनात येऊन गेला, तो लपवत नाही. हा माणूस आमच्या घरी आला होता तेव्हा तू घरात होतीस. चहा तूच नेऊन दिला असशील. तेव्हापासूनच याची नजर होती की काय? सासऱ्याचं मन, गौरवी, ते कुठेही जातं. पण मी मूळचा फिटर, एखादा भाग बसत नसेल तर उलटा करून बघतो. बंदूक म्हणजे त्याला आमच्या घरी यायचा राजरोस परवाना होता. वाईट मनाचा माणूस बंदूक झाली का, झाली का करत दर आठवड्याला उंबरा झिजवत बसला असता. हा वर्ष भरल्यावरसुद्धा आला नाही, आजोबांच्या वस्तूवर पाणी सोडायला तयार झाला. तो विचार तिथेच संपला.

मी चहा घेत होतो. रुद्रेशच्या आईने खोबऱ्याच्या वड्या पुढे केल्या, तुझ्या सासूने हात लावला नाही. मग एकाएकी तिने रुद्रेशला समोर बसायला सांगितलं आणि विचारलं, बंदूक दिली तेव्हा साईश काय म्हणाला? काही आठवतं का? तो थोडा विचार करून बोलला. त्याने साईशला सांगितलं होतं की दस्ता फार आखूड आहे, नवा लांब बसवून दे. तर साईशने ऐकलं नाही. साईशचे शब्द रुद्रेशने जसेच्या तसे सांगितले.

"दस्तो हांव लांब करचो ना. ह्या दस्त्यांत तुमच्या आजोबाचें माप आसा."

तुझ्या सासूने ते त्याच्याकडून पुन्हा एकदा म्हणून घेतलं. मुलगा गेल्यापासून त्याचं बोलणं म्हणजे आमच्याकडे होतं तेवढंच, तेच तेच उगाळलेलं. हे एक वाक्य नवीन होतं. आम्ही न ऐकलेलं. ते या माणसाने इतके महिने नीट सांभाळून ठेवलं होतं, आणि आपण काय सांभाळतो आहोत हे त्याला ठाऊकही नव्हतं. तिने एक वडी उचलून खाल्ली. निघताना त्याने बंदूक आमच्या हातातून दोन्ही हातांनी घेतली. मी त्याला बजावलं की दस्ता मी घासला आहे, गाल टेकवू नको, आधी चांगलं वॉर्निश मार, आणि काही झालं तरी आत खोबरेल घालू नको. तो हसला. हसल्यावर बरा दिसतो.

येताना साळच्या पुढे आल्यावर मागून आवाज आला, प्रवीणाक फोन कर, म्हज्यान बोलप जावचें ना. मी स्कूटर बाजूला घेतली आणि तिथेच, काजूच्या झाडाखाली उभा राहून, त्याला आमच्या दोघांचा होकार सांगितला. हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा तुला तो कळून जुना झाला असेल. होकाराला पत्र लागत नाही, आणि तो आम्ही द्यायचा असतो असंही मला आता वाटत नाही, तो तुझाच होता. पत्र लिहिलं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. आजवर सगळे आमच्याकडे मागत होते, आता आम्ही मागतो आहोत. लग्न वैशाखात धरलं तर भाद्रपदात गणपतीला तुझी इब्रामपूरची पहिली चवथ येईल. लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला माहेराहून लेकीच्या घरी ओझें जातं, नेवऱ्या, लाडू, खाजें, फळं. कोरगावहून प्रवीण ते आणेलच, त्याचा तो मान आहे, त्याला आम्ही धक्का लावत नाही. पण आम्हाला मुलगी नाही. तुझी सासू आत्ताच टोपल्या कुठल्या बुरुडाकडून घ्याव्यात ते बोलू लागली आहे, आणि मी तिला म्हणतो आहे, थांब, आधी गौरवीला विचारू दे. तू हो म्हणालीस तर त्या दिवशी एक ओझें डिचोलीहूनही येईल. तुला अवघड वाटत असेल, त्या घरी ते शोभणार नाही असं वाटत असेल, तर नाही म्हण. आम्ही वाईट वाटून घेऊ, पण मनात धरणार नाही. उत्तर सावकाश दे. वाट बघायची आता आमची पाळी.

तुझाच,
डिचोलीचा बाबा
कृष्णनाथ